ह्यांच्या नावाचा डबा

नारपोली, भिवंडी. गौरीजेवणाचा दिवस, २००६

आमच्याकडे गौरीला मटण असतं आणि ते हे स्वतः रांधायचे. हे गेल्यावर ही पहिलीच गौर. मटणाच्या टोपाला हात लावायचं माझ्याने होईना, म्हणून कोंबडीची बिर्याणी करायची ठरवली. नितीनला आधी विचारलं होतं. "आई, तुला जमेल ते कर," म्हणाला. पोराला कळलं, असं वाटलं मला.

संध्याकाळी भाऊजी मटणाचा डबा घेऊन आले. "वहिनी, गौरीला बिर्याणी? लग्नाचा हॉल हाय काय हा?" सगळे हसले. नितीनही हसला. "मी बोललो आईला, ती ऐकत न्हाय."

कधी बोललास रे?

आणि डबा आमचाच. झाकणावर ह्यांचं नाव कोरलेलं. म्हणजे मी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हाच नितीनने तो काकाकडे पोचवला. मला का नाही सांगितलं? मी रडले असते, एवढंच ना?

सगळ्यांनी मटण घेतलं. मीच वाढलं.

डबा घासला, पण नावाच्या खाचांत मसाला अडकलाय. सुईने काढत होते, तर नितीन येऊन विचारतो, "आई, रागावलीस काय?"

"न्हाय रे," म्हटलं. मलाही जमलं की त्याच्यासारखं.