शनवारचा फोन

१२ जाने., रवि.
पोलादपूरला जाऊन आले. आत्या ओट्यापर्यंत चालली तरी धाप लागते. डॉक्टर म्हणतो हृदय थकलंय, वय झालं. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा.
जेवण झाल्यावर आत्याने ट्रंक ओढायला लावली. तळाशी दोन कफनं. स्वतःच्या हातानं शिवलेली, दोऱ्याला कुठे गाठ नाही. "हा माझा, हा तुझा. तुझा जरा लांब ठेवलाय, तू बापावर गेलीस."
मग मुद्द्याचं. "आंघोळ तू घालायची हन्ने. आपल्याच हातानी. दुसऱ्या कोणाचा हात नको माझ्या अंगाला."
हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.
आईच्या वेळी मी स्वयंपाकघरात पाणी तापवत उभी होते, आत गेलेच नाही. आत्या नि रिबकाकाकू दोघींनी केलं सगळं. रिबकाकाकू पोराकडे इस्रायलला गेली ती गेलीच. आता महाड नि पोलादपूर मिळून आमच्या ज्यू लोकांपैकी दोन बायका. एकीला येतं, आणि जायची वेळ तिचीच आलीय.

१४ जाने.
रूथला इस्रायलला फोन. म्हणते, "आई, आत्याला घेऊन इकडेच ये ना. इथे माणसं येतात, सगळं व्यवस्थित करतात." तिच्या तोंडी "इकडे" आता इतकं सहज येतं. आत्या महाडला माझ्याकडे राहायला येत नाही, आणि विमानात बसणार!
पण तिनेच एक क्लास सुचवला. दर रविवारी फोनवर. प्रार्थना, शब्बाथ म्हणजे शनवार पाळणं, सण, आणि शेवटी मयताची सेवा. शिकवणारी इलाना, ठाण्याची. नाव दिलं.

१९ जाने., रवि.
पहिला क्लास. फोनच्या पडद्यावर बायकाच बायका, बऱ्याच मुंबई-ठाण्याच्या. इलाना माझ्या रूथपेक्षाही लहान. प्रत्येकीला विचारलं का शिकायचंय. कुणी म्हणाली मुळं शोधायचीत, कुणी मुलांसाठी. मी म्हटलं, आत्याला आंघोळ घालायचीय.
इलाना म्हणाली, "हन्नाताई, ते अगदी शेवटी येईल. आधी शब्बाथपासून सुरुवात करू."
ठीक. बसस्टँडच्या चौकशी खिडकीत जन्म गेला. "गाडी लागेल तेव्हा लागेल, मागे व्हा" हे मीच लोकांना सांगायचे.

२५ जाने., शनि. — खोडलं. आज लिहायचं नसतं. उद्या.

२६ जाने., रवि.
काल आयुष्यातला पहिला शनवार पाळला. शुक्रवारी दिवे लावले, जेवण आधीच करून ठेवलं, फोन बंद करून कपाटात. आजोबांचा तेलाचा घाणा शनवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. मी मात्र नोकरीतले सगळे शनवार खिडकीत काढले. ड्यूटीला शब्बाथ कळत नाही.
काल दुपारी खिडकीपाशी नुसती बसले होते. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.
आज पो.ला जाऊन आत्याला सांगितलं. डोळे भरले तिचे. "माझ्या बापानंतर शनवार पाळणारी तूच गो." शेजारच्या सुलभाला हाक मारून तिलाही सांगितलं, मी परीक्षेत पहिली आल्यासारखं. सुलभा आत्याची सगळी कामं करते, रोजचं दूध, औषधं. म्हणाली, "म्हंजे शनवारी तुमाला फोन लावायचा नाय ना? बरा झाला सांगितलात."

२ फेब्रु., रवि.
आत्या क्लासवर चिडलीय. मयताचा धडा येईपर्यंत ती थांबणार नाही म्हणे. स्वतःच खाटेवर आडवी झाली, हात सरळ ठेवले, डोळे मिटले. "हां. कर सुरू."
मी काय करू? केलं. अंगावर चादर, चादरीखालूनच धुवायचं. आधी डोकं, मग उजवी बाजू, मग डावी. उपडं करायचं नाही. अंगावरून या बाजूने त्या बाजूला काही द्यायचं नाही, वळसा घालून जायचं. शेवटी सात मडकी पाणी, धार तुटता कामा नये, म्हणून दुसरीने तयार राहायचं. मग मडकी फोडायची.
बगलेपाशी हात गेला तशी खुदकन हसली. "मेलेला हसत नाय, तेवढाच फरक."
मीही हसले. मग मोरीत जाऊन रडले. तिच्या पाठीची हाडं हाताला लागतात.
"दुसरी कोण आत्या? धार कोण धरणार?"
"ठाण्याच्या बायका येतील." येणार नाहीत हे तिला माहीत आहे नि मलाही माहीत आहे.

१३ फेब्रु.
एलियाहू हन्नाबीचा, आमच्या पैगंबराचा उरूस. आत्याकडे मलिदा केला. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. पूर्वी याच घरात या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची, प्रार्थना म्हणायला हझान अलिबागकडून यायचे. आज दोघी. आत्याने एलियाहूचं गाणं धरलं, दुसऱ्या कडव्याला दम संपला. पुढचं मी म्हटलं, चुकत. तिने सुधारलं नाही. हे मला आवडलं नाही. ती सुधारायचं सोडत नाही कधी.
सुलभाला वाटी दिली. "आत्याबाय, तुमच्या देवाचा परसाद लय गोड."

१६ फेब्रु., रवि.
इलानाला विचारलं, ठाण्याहून दोन बायका येतील का वेळ आली तर. म्हणाली विचारते. चांगली आहे मुलगी. पण वेळ काही शनिवार-रविवार बघून येत नाही, बायकांना नोकऱ्या आहेत, आणि महाड म्हटलं की लोक "अरे बापरे" म्हणतात.

२३ फेब्रु., रवि.
आत्याच्या पायांवर सूज. महाडला चल म्हटलं, नाही. मग मीच इथे राहते म्हटलं, त्यालाही नाही. "माझ्या मरणावर टपलीस काय? जा घरी. शुक्कर-शनवार तुझ्या घरी नीट कर. मंगळवारी ये." 

२८ फेब्रु., शुक्र.
मंगळवारी गेले. गुरुवारी परत आले. का परत आले?

२ मार्च, रवि.
आत्या गेली. काल. दुपारी.
मी शुक्रवारी दिवे लावले, फोन कपाटात. काल संध्याकाळी तारे दिसून शब्बाथ सुटल्यावर काढला. सुलभाचे फोनच फोन. रिक्षा करून पो.ला गेले. रस्ताभर काही आठवत नाही.
दारात बायका बसलेल्या. आत्या खाटेवर. न्हाऊ घातलेली. केस विंचरलेले, नवं लुगडं, तोंडात तुळशीचं पान, उशाशी उदबत्ती. सुलभा नि तिच्या जावेने मिळून केलं होतं. कितीतरी मायेने केलं होतं.
"तुमचा फोन बंद. तिन्हीसांजा व्हायला लागल्या. आत्याबायला तशीच कशी ठेवायची, ताई?" मग माझं तोंड बघून, "मी काय वाईट केला काय?"
नाही म्हटलं. पण माझ्या आत जे होतं तो रागच होता. तिच्यावर नाही. तरी तिच्याकडे बघवेना.
सकाळी पुन्हा घातली आंघोळ. रात्रीच इलानाला कळवलं होतं, पण ठाण्याच्या बायका कुणी आल्या नाहीत, रविवार असून कुणी मोकळी नव्हती. मी एकटी उचलू शकले नाही. करून पाहिलं, मान लटकली, मी घाबरले. सुलभा दारात उभी होती. "ये" म्हटलं. म्हणजे आत्याच्या अंगाला दुसऱ्याचा हात दोनदा लागला. एकदा माझ्या पाठीमागे, एकदा माझ्या बोलावण्याने.
तोंडातलं पान काढलं. टाकवेना. सुलभाच्या हातात दिलं. तिने पदराच्या टोकाला बांधलं.
सात मडक्यांची धार तुटली. पाचव्याला.
ठाण्याहून गाडीने माणसं आली, सातजण. दहा पुरुष नाहीत म्हणून कबरीवर काद्दिशची प्रार्थना नाही. मातीच दिली. संपलं.

४ मार्च
सुलभाकडून तो दिवस पुन्हा ऐकला. मीच सांग म्हटलं.
सकाळी दूध घेऊन गेली तेव्हा आत्याला श्वास लागला होता. आत्या म्हणाली, "हन्नेला फोन लाव." सुलभाने फोन काढला. तेवढ्यात आत्यानेच तिचा हात धरला. "नको. आज शनवार हाय. ती पाळते. संध्याकाळी लाव."
म्हणून लावला नाही. डॉक्टर दुपारी आला, तोवर आत्या गेली होती. नंतर लावला तेव्हा माझा फोन बंद, कपाटात.
सुलभा रडत सांगत होती. मला रडू येईना. जेवण गेलं नाही.

९ मार्च, रवि.
क्लासला बसले नव्हते, इलानाने नंतर फोन केला. सगळं सांगितलं. ती हळू आवाजात, "हन्नाताई, घरात कुणी इतकं आजारी असेल तर फोन चालू ठेवायचा असतो. जीव वाचवायला शब्बाथ मोडतात. मोडायलाच हवा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"
"कुणी सांगायचं?"
"तो धडा पुढच्या महिन्यात आहे."
तिचीही चूक नाही. पोर रडायला लागली, मीच समजूत काढली. अर्धं शिकले. अर्ध्यानेच घात झाला. काही न शिकता खिडकीत बसले असते तर शनवारी फोन उचलला असता, रिक्षाने निघाले असते, ती जिवंत भेटली असती. पण मग तिने माझा शनवार कुणाला कौतुकाने सांगितला असता?
नाही, हे उगीच. भेटले असते. तेच हवं होतं.

१४ मार्च
रूथ: "आता तरी ये." दोन भाच्या मुंबईत, त्यांना फोन केला तर "हो ना, वाईट झालं". क्लास सोडला. मयताचा धडा आता मला नको, आणि माझ्यासाठी तो शिकणारी इथे कोण आहे?

२१ मार्च, शुक्र.
पो.ला आत्याचं घर आवरलं. ट्रंकेतलं माझं कफन घेऊन आले. खरंच लांब आहे. अंगाला लावून पाहिलं नाही, नुसतं धरलं.
दाराच्या चौकटीवरची मेजुजा, प्रार्थना लिहिलेली डबी, काढायला हात गेला, काढली नाही. कुणी राहणार नाही त्या घरात, तरी.
सुलभा बसस्टँडपर्यंत पिशवी घेऊन आली. गाडी लागलेली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "ताई, एक विचारू? राग नका मानू. तुमच्या टायमाला मी कोणाला फोन लावायचा? लिवून द्या. मागच्यासारखा नको व्हायला."
मला रूथचा नंबर पाठ आहे. रूथला लावला तर ती काय करणार, विमानाचं तिकीट बघणार. इलानाचा आहे. भाच्यांचे आहेत. सुलभाने पेन पुढे केलं. मी काही लिहिण्याआधी गाडी सुटली, पेन माझ्याच हातात राहिलं.
आता साडेसहा होतायत. दिवे लावायचेत. फोन समोर आहे. आज चालू ठेवावा की बंद, कळत नाही. ज्याच्यासाठी शनवारी फोन चालू ठेवायचा, ते माणूस आता नाही.