मार्था ओलरनशॉची दफननोंद

३ ऑगस्ट १९३६
बाबांनी सही केली नाही. धरणाचा साहेब क्रॅबट्री कागद पुढे करून उभा, आणि बाबा कोंबड्यांना दाणे टाकतायत! दरीतली निम्मी घरं रिकामी झाली. सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला, आमचंही पाडणार, सही असो वा नसो.

बाबांचं म्हणणं एकच. चर्चच्या आवारातली माणसं काढून वरच्या नव्या दफनभूमीत नेतायत. यादीत आमचे सगळे ओलरनशॉ आहेत, माझी आईसुद्धा. बाबांची आई मात्र नाही. “तिला पाण्याखाली टाकून मी जाणार नाही,” म्हणाले. क्रॅबट्री म्हणाला, कबर दाखवा, काढतो. पण तिच्यावर दगडच नाही. बाबा चार वर्षांचे होते ती गेली तेव्हा.

म्हणजे शोधायचं मीच. शाळेला सुट्टी आहे ना मला.

६ ऑगस्ट
पाद्री पिलिंगनी चर्चच्या नोंदवह्यांच्या कपाटाची किल्ली दिली. दिवसभर धूळ खाल्ली. ओलरनशॉ म्हणजे गवतासारखे — रूबेनचा मुलगा आयझॅक, आयझॅकचा मुलगा रूबेन, जुळ्या मुली, एकाच आठवड्यात गेलेली तीन भावंडं. आजोबा रूबेन आणि मार्था फ्रिथ यांचं लग्न सापडलं, १८७२चं. तिच्या सहीच्या जागी फुली. मग टॅबिथाआत्याचा बाप्तिस्मा, मग बाबांचा.

दफन नाही. १८८२च्या आगेमागे सगळं पाहिलं. पिलिंग म्हणाले, कारकून कधीकधी विसरायचे. पण त्याच वर्षी त्याच कारकुनानं एका निनावी भिकाऱ्याचीसुद्धा नोंद केली आहे.

११ ऑगस्ट
आत्याला विचारलं. ती तेव्हा नऊ वर्षांची, तिला आठवायला हवं — कुठल्या बाजूला पुरलं, झाडापाशी की भिंतीपाशी. वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “मेलेल्यांना उकरायला धरणवाले पुरेत. तू कशाला फावडं घेतेस?”

मी विषय सोडला नाही तर म्हणे पाऊस होता, मुलांना घरीच ठेवलं होतं. आणि मला चहासुद्धा न विचारता दारापर्यंत सोडलं. आत्यानं! जी पोस्टमनलाही केक खाल्ल्याशिवाय सोडत नाही.

१२ ऑगस्ट
आवाराभोवती उंच ताडपत्री लावली आहे. बाबा बाहेर भिंतीवर बसून असतात. जेवायलाही येत नाहीत.

१९ ऑगस्ट
सायकलवरून शेजारची गावं पालथी घातली. वाटलं, माहेरी नेऊन पुरली असेल. फ्रिथ पुष्कळ, ती नाही. घरी आले की बाबा फक्त माझ्याकडे बघतात. विचारतही नाहीत. ते जास्त वाईट.

२४ ऑगस्ट


डोंगरापलीकडे एडिंग्ली. दफनांची वही कुणी तरी नेली होती, म्हणून हाती आली ती लग्नांची चाळत बसले. १८८४. जोसेफ स्विंडेल, गिरणीकामगार. आणि मार्था ओलरनशॉ, विधवा. बापाचं नाव एब्राहम फ्रिथ, चुनाभट्टीवाला. आमच्या चर्चच्या वहीत आहे तोच बाप, तोच धंदा. सहीच्या जागी फुली.

विधवा कसली! आजोबा १९०३ मध्ये वारले. बाबांनी स्वतः शवपेटीला खांदा दिला.

ती मेलीच नव्हती. निघून गेली होती.

बाबांना म्हणाले, अजून काही नाही. आयुष्यात त्यांच्याशी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते.

२५ ऑगस्ट
आत्याकडे गेले. बसलेही नाही, एडिंग्लीत स्विंडेलशी झालेलं लग्न एवढंच सांगितलं. तिनं दार लावून घेतलं.

आजोबा मारायचे. पट्ट्यानं, हाताला येईल त्यानं. एका पहाटे ती नुसत्या शालीवर गेली. आजोबांनी गावात सांगितलं, बहिणीकडे गेली आणि तिथं तापानं मेली. मुलांनाही तेच. आत्यानं मात्र तिला कुंपण ओलांडताना पाहिलं होतं. कुठल्या बाजूला गेली ते सांगितलं असतं तर आजोबा तिला शोधायला गेले असते. म्हणून गप्प राहिली. नंतर गप्प राहायची सवयच लागली.

मी म्हटलं, बाबांना सांगायला हवं.

“विल्यमला मेलेली आई आहे,” आत्या म्हणाली. “मेलेली आई टाकून गेलेली नसते. तेवढं तरी राहू दे त्याच्याकडे.”

निघताना माझी बाही धरून विचारलं, “त्या स्विंडेलनं तिला नीट वागवलं का गं? तसं काही लिहिलेलं असतं का?”

२७ ऑगस्ट
क्रॅबट्री नवी तारीख देऊन गेला. आवार पुढच्या शुक्रवारपर्यंत रिकामं करणार. बाबांनी शेजारच्या गोठ्यातून फावडं आणून दारात ठेवलंय. स्वतः खणायला जाणार म्हणतात. पोलिसांनी धरलं तर? काहीतरी सांगायलाच हवं. ती एडिंग्लीत पुरलेली असेल तर निदान जागा तरी दाखवता येईल.

२९ ऑगस्ट
पुन्हा एडिंग्ली. तिथले पाद्री तरुण आहेत, हसरे. दफनांची वही त्यांच्याच घरी होती. मी म्हटलं, मार्था स्विंडेल, कुठलं वर्ष ते माहीत नाही, सगळंच बघावं लागेल.

ते वही काढता काढता थांबले.

“मिसेस स्विंडेलना पुरलेल्यांत कशाला शोधताय?” म्हणाले. “गेल्या रविवारी प्रार्थना लांबली म्हणून मला रागावल्या त्या.”

नवरा मागेच वारला. मूलबाळ नाही. गिरणीमागच्या गल्लीत एकटीच राहते.

गल्लीपर्यंत गेले. खिडकीत पांढरी टोपी हलताना दिसली. दार नाही वाजवलं. ती आधी बाबांची.

३० ऑगस्ट
सांगितलं. पट्ट्याचंही सांगितलं.  बाबांनी विचारलं, एडिंग्लीची मोटार किती वाजता सुटते.

आत्या येणार नाही म्हणाली. 

३१ ऑगस्ट
दार तिनंच उघडलं. केवढीशी आहे! बाबांचा चेहरा थेट आजोबांचा असं सगळे म्हणतात, हे मला आधीच आठवायला हवं होतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले, मार चुकवायला घेतात तसे.

बाबा मागे सरले. टोपी काढली आणि तिथंच खाली, पायरीवर बसले. तिच्याकडे पाठ करून.

“मी विल्यम,” म्हणाले. “मी इथंच बसतो.”

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिनं एक हात खाली घेतला.