काळे संडिगे आणि बाळाचं दुपटं

म्हैसूर,
चैत्र वद्य अष्टमी

तीर्थस्वरूप सौ. गंगाअक्का यांच्या चरणी धाकट्या गुंडूचा दंडवत (मनातल्या मनात घातला आहे, खरोखर घातला तर मला उठवायला माणसं बोलवावी लागतात).

तुमचे गुडघे काय म्हणतात? भावजींच्या शिंका थांबल्या का? हुणसूरच्या हवेत तंबाखू आहे तोवर त्या थांबायच्या नाहीत असं माझं मत आहे, पण ते भावजींना सांगू नका, ते लगेच म्हैसूरला राहायला येतील. इकडे उन्हाळा आला तो आमच्या सौभाग्यवती जमुनाबाईंच्या परवानगीनंच. युगादी झाली तशी पाण्याचं मडकं ओल्या वाळूवर बसलं, आत वाळ्याची जुडी पडली आणि पश्चिमेच्या खिडकीला भिजवलेलं गोणपाट लागलं. रामनवमीला पानक आणि डाळीची कोसंबरी झाली, तेव्हापासून घरात आलं नि कढीलिंब घातलेलं ताक सतत तयार असतं. तिखटाच्या डब्यात हिंगाचा खडा, मुंग्यांच्या वाटेवर हळदीची रेघ, सगळं जागच्या जागी. मला फक्त लोणच्याच्या कैऱ्या धुवायचं काम होतं. मी त्या इतक्या मनापासून धुतल्या की पुसायच्या राहिल्या आणि ओल्याच बरणीत गेल्या. वरती आलेली बुरशी पाहून मला कैरीखात्यातून काढून टाकण्यात आलं. त्यानंतर मी गच्चीवर गेलो, आणि जे काही झालं ते गच्चीवरच झालं.

तुम्हाला ठाऊकच आहे, कावेरीचं पहिलं बाळंतपण आपल्याकडे आहे. वैशाख सरता सरता मी आजोबा होणार. आता आपल्या रंगाऱ्यांच्या घरात पाळण्यातलं पहिलं दुपटं बाजारचं चालत नाही. घरच्या म्हाताऱ्याचं जुनं, मऊ झालेलं धोतर घ्यायचं, त्याच्यावर घरच्याच काळ्या रंगाचं काम करायचं, आणि त्यात बाळाला गुंडाळायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. तुम्हाला आजोबांच्या काळ्या रंगाचं दुपटं मिळालं. माझ्या वेळेपर्यंत आजोबा गेले होते आणि बाबांनी वेळ वाचवायला पुडीचा रंग आणला. तो पहिल्याच घामात माझ्या अंगाला लागला आणि बारशाला आलेल्या बायका निळसर मूल बघून हळहळत परत गेल्या, ही गोष्ट तुम्हीच मला जन्मभर सांगत आला आहात. तेव्हा अक्का, हसू नका, पण माझ्या मनानं घेतलं की नातवंडाला मी आजोबांचाच काळा रंग देणार. बाबा गेले, त्यांनी रंग शिकवला नाही. मी कधी विचारलंही नाही, मी बँकेत व्हाउचरं तपासत बसलो. आता हा रंग माझ्या हातून उतरला नाही तर आपल्या घरातून तो गेलाच, हा विचार मला झोपू देत नव्हता.

कृती तशी अर्धीमुर्धी आठवत होती. कापड हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवायचं, ते पिवळसर दिसतं. एका मडक्यात लोखंड, गूळ आणि पाणी घालून आंबत ठेवायचं. त्या पाण्यानं हिरड्याच्या कापडावर छापलं की लोखंड आणि हिरडा एकमेकांना भेटतात आणि तिथल्या तिथे काळं होतं. मी बाजारातून उत्तमातले उत्तम खिळे आणले, मंडीतून उत्तमातला उत्तम गूळ आणला आणि मडकं गच्चीवर उन्हात ठेवलं. काही दिवसांत त्याला असा काही वास सुटला की शेजारचे सत्यनारायण त्यांच्या गच्चीवरून वाकून विचारते झाले, "एनु रायरे, सारायी माड्तिद्दीरा?" (दारू गाळताय का, असं. त्यांच्या आवाजात आशा होती.) मी त्यांच्याशी रंगविद्येवर थोडं बोललो. ते निराश होऊन आत गेले. पण अक्का, त्या पाण्यानं मी छापायला गेलो तर काळं कसलं, उंदराच्या शेपटीसारखं करडंसुद्धा नीट येईना. अधिक गूळ घातला. अधिक खिळे घातले. मुंग्या मात्र जोमानं आल्या, हळदीची रेघ ओलांडून आल्या.

इथे जमुनाबाईंचं प्रकरण सुरू होतं. दर उन्हाळ्यात ती तांदळाचं पीठ आंबट ताकात शिजवून, मिरची-जिरं घालून, गच्चीवर एका ठरलेल्या जुन्या धोतरावर चमच्या-चमच्यानं संडिगे घालते, आणि वाळले की साऱ्या नातेवाइकांना डबे जातात, हे तुमच्या दातांना माहीत आहे. यंदा तर कावेरीच्या डोहाळ्यांसाठी म्हणून तिनं नेहमीच्या दुप्पट घाट घातला होता. जावईबापू भीमसेन यांचा हुबळीला लोखंडी सामानाचा धंदा. बाळंतिणीला लोखंड चांगलं असं कुणीतरी त्यांना सांगितलं, म्हणून त्यांनी आधीच एक कढई पाठवून दिली होती, तिच्यात मी बसून आंघोळ करू शकेन. जमुनानं पीठ त्या कढईत शिजवलं. आणि पीठ तयार होतंय तेवढ्यात कावेरीला उतरवून घ्यायला आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी इतकी उशिरा आली की त्या दिवशी संडिगे राहिलेच. आंबट पीठ लोखंडात रात्रभर तसंच पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमुना गच्चीवर गेली तर तिचं संडिग्यांचं धोतर धुऊन, दोरीवर वाळत घातलेलं. तिला वाटलं, नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा न सांगता एक काम केलं. (हे ती नंतर कावेरीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, त्यामुळे मला फार लागलं.) खरी गोष्ट अशी की घरात सगळ्यात मऊ धोतर तेच होतं, म्हणून मी ते दुपट्यासाठी न विचारता उचललं होतं आणि आदल्या दिवशी हिरड्यात बुचकळून काढलं होतं. पिवळसर दिसायला ते नेहमीच पिवळसर दिसतं. तिनं ते पसरलं, अर्ध्यावर संडिगे घातले, पीठ संपलं, खाली आली. मी तेव्हा खाली कावेरीला कोसंबरी वाढत होतो आणि स्वतःला अत्यंत निरुपद्रवी समजत होतो.

संध्याकाळी ती संडिगे उलटायला वर गेली. बराच वेळ खाली येईना म्हणून मी गेलो. ती पायरीवर बसली होती. हातात एक संडिगा, पांढराशुभ्र असायचा तो शाळेच्या पाटीसारखा काळा. सगळेच काळे. अक्का, अशा वेळी शहाणा माणूस बायकोशेजारी बसतो. मी धोतराकडे बघितलं. जिथे जिथे संडिगा उचलला होता तिथे तिथे गोल, गच्च, गडद काळं उमटलं होतं. तो काळा रंग मी कधी पाहिलेला नव्हता तरी मला ओळखू आला. मी नळाखाली धरून चोळला, साबण लावला, पुन्हा चोळला. हलेना. आणि मग मी हसलो, अक्का. मोठ्यानं हसलो, टाळ्या वाजवल्या, त्या धोतराला कवटाळून गच्चीवर गिरक्या घेतल्या. सत्यनारायणांनी ते पाहिलं आणि मडक्याबद्दलचा त्यांचा जुना समज पुन्हा पक्का झाला.

तेव्हापासून जमुना माझ्याशी बोलत नाही. बोलते ती कावेरीमार्फत. "कावेरी, तुझ्या अप्पांना सांग, ऊट वाढलंय, जेवायला या. हसून पोट भरलं असेल तर बेडा, राहू द्या म्हणावं." मी तिच्यासमोरच बसलेला असतो. मला वाईट वाटतं, फार वाटतं, कारण तिचा उन्हाळ्याचा सगळा आनंद त्या संडिग्यांत असतो आणि मी त्याच्यावर टाळ्या वाजवल्या. पण त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, मला आनंदानं जेवण जात नाही. ते काळे संडिगे तळूनही पाहिले. कडू तुरट लागले. सत्यनारायणांनी मात्र बशीभर खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी खास येऊन सांगून गेले की वर्षानुवर्षं असं पोट साफ झालं नव्हतं. हिरडा तो हिरडाच. कावेरीनं धोतर हातात घेतलं, त्या काळ्या गोलांच्या रांगांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अप्पा, हेच दुपटं पाहिजे मला, छापबिप काही नको." नंतर तिनं माझ्या मडक्यात डोकावून विचारलं, "हे खिळे कधीच गंजायचे नाहीत की. नोडी, बघा, पाकिटावर लिहिलंय." दुकानदारानं मला खरोखरच उत्तमातले उत्तम दिले होते.

असं सगळं क्षेम आहे. भावजींना नमस्कार. तुम्ही बाळंतपणाला येणारच आहात, तेव्हा वाळ्याची जुडी घेऊन या, इथली महाग झाली आहे.

तुमचा धाकटा,
गुंडुराव

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. धोतर अर्धंच काळं झालं आहे आणि अर्ध्यात बाळाचे पाय बाहेर राहतील. गंजके खिळे घालून नवं मडकं लावलं आहे, पण ते पिकेपर्यंत नातवंड स्वतःचं दुपटं स्वतः धुवायच्या वयाचं होईल. पीठ पुन्हा त्याच कढईत आंबवायला हवं. ते जमुनाला सांगायची माझी छाती नाही. तर तुम्ही तिला एक पत्र टाका, की यंदाचे काळे संडिगे मिळाले, फार रुचकर होते, तसेच आणखी पाठव. पापाची भीती वाटत असेल तर ते माझ्या खाती घाला.

ता. क. दुसरा. सोबतच्या डब्यात ते काळे संडिगे पाठवत आहे. खाऊ नका. भावजींनाही देऊ नका.

(वेगळ्या अक्षरात) सौ. अक्कांना जमुनाचा नमस्कार. हे पोस्टात तिकीट आणायला गेलेत, पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. तुम्ही मला ते खोटं पत्र काही पाठवू नका. पीठ मी परवाच शिजवून कढईत झाकून ठेवलंय, उद्या उरलेल्या धोतरावर घालीन. मी बोलत नाही असं ह्यांनी लिहिलंय ते खरं आहे. मी बोलले असते, तर संडिगे खायचे नसताना एवढं पीठ कशाला आंबवतेस असं त्यांनी विचारलं असतं.