मागणीची कॉफी

३ मे, शनिवार
मेलो! मुलीच्या बापाचा, अबू सिनानचा निरोप आला — "मुलगी मागायला कुणी बडं प्रस्थ आणू नका. मुलाच्या बापाने स्वतः बोलायचं." भरल्या दिवाणखान्यात! जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं मी. 'हे अक्षर दिसतं का?' याच्यापुढे तोंड उघडलेलं नाही. घरच्या कार्यात बोलायला चुलतभाऊ राकान असायचा.

वाएल म्हणतो, "बाबा, रंदचे वडील हट्टी आहेत. तुम्ही बोलला नाहीत तर ती मला मिळायची नाही." वर म्हणतो, "चारच तर वाक्यं!" याच्या बापाचं काय जातंय? — पण बाप मीच!

४ मे, रविवार
आजारी पडून पाहिलं. खूप खोकलो. वाएलने बडीशेपेचा काढा पाजला. "शुक्रवारपर्यंत ठणठणीत करतो तुम्हाला." गुणी पोरगं, काय करता!

६ मे, मंगळवार
गच्चीवर कबुतरांपुढे भाषण म्हटलं. एक उडालं, बाकीची दाणे टिपत बसली. मध्येच रंदचंच नाव विसरलो! वाएलची आई असती तर पोट धरून हसली असती. ती गेल्यापासून या घरात कुणी हसलेलंच नाही.

८ मे, गुरुवार
दाढी करताना दोनदा कापलं.

९ मे, शुक्रवार
झाली शोभा!

शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं — मागणीची कॉफी आली की कप खाली ठेवायचा, बोलायचं, होकार आला की मगच प्यायची. माझ्या घशाला कोरड. कप हातात आला आणि मी — गटकन प्यालो! आधीच प्यालो म्हणजे मागणं सोडलं! राकानने कपाळावर हात मारला. वाएल पांढराफटक.

तेवढ्यात बायकांच्या खोलीतून कुणीतरी खो खो हसलं. "अरे, त्यांना अजून कॉफी द्या, तहानलेत बिचारे!" अबू सिनानची विधवा बहीण, नाइफा. मलाही हसू फुटलं, आणि जीभ सुटली! पाठ केलेलं एक अक्षर आठवेना, म्हणून खरं तेच बोललो.

"भावांनो, चार माणसं दिसली की माझी गाळण उडते. भीतीने प्यालो कॉफी. इतका भित्रा माणूस तुमच्या दारात आलाय, तो उगाच का? घर सुनं पडलंय आमचं. रंद द्या. लेकीसारखी ठेवीन. आणि तिला भाषणं ऐकवणार नाही, हा शब्द!"

अबू सिनान मिशीत हसला. "भरा यांचा कप! मुलगी दिली!" दुसरा कप मी जरा ऐटीतच प्यालो.

१० मे, शनिवार
राकान फुगलाय. "तू तर थांबतच नव्हतास!"

३० मे, शुक्रवार
साखरपुडा. नाइफा ट्रे घेऊन समोर आली. "कॉफी देऊ, की आधी काही मागायचंय?" असं विचारलं बाईने! चारचौघांत! मी गडबडीत कपाऐवजी ट्रेच हातात घेतला!

२१ जून, शनिवार
लग्न पार पडलं. वाएल-रंदचा संसार वरच्या मजल्यावर थाटला.

उद्या पुन्हा अबू सिनानच्या घरी जायचंय, सगळा गोतावळा घेऊन. नाइफाला मागणी घालायला. माझ्यासाठी!

वाएल घाबरलाय. "बाबा, नवरा स्वतः बोलतो का कधी? राकानकाका बोलतील. लोक हसतील हो!"

हसू देत. बोलणार मीच.