उपकारस्तुतीला आलेल्या चपला

अमरावती,
ता. १२ डिसेंबर १९६१

प्रिय ललिता,

प्रभूमध्ये तुले आणि जावईबापूंले आईचा सलाम.

शनिवारी आपल्या घरी उपकारस्तुती झाली, देवाचे आभार मानायची सभा. सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग? आपली गंगूबाई! देवळातलं एकही माणूस आलं नव्हतं, अन् ही शेजारची फुलवाली, जिनं जन्मात कधी आपली उपासना पाहिली नाही, ती नवं लुगडं नेसून, शेवंतीची टोपली डोक्यावर घेऊन दारात हजर. म्हणे, "बाई, मले तुमचं गानं येत नाही, मी नुसत्या टाळ्या वाजवीन." तिच्या मागून केशरबाई आल्या, त्याच आपल्या, पवित्र शास्त्र घेऊन घरोघर फिरणाऱ्या. मग पाळकसाहेब अन् पाळकीणबाई. मोर्शीची संत्री इतकी आली की परात पुरली नाही. बुंदीचे लाडू मी केले होते, एकही फुटला नाही. तुझ्या लग्नातले कसे फुटले होते, आठवते ना? पण लाडवांचंच लिहीत बसले तर कागद संपेल.

उपकारस्तुती कशाची, ते तुले कळवलं नव्हतं. लाज वाटते, पण सांगते. शनिवारी तुझ्या करुणाचा सातवा वाढदिवस होता. तापात तिचा पाय लुळा पडला तेव्हापासून तू तिले माझ्यापाशी ठेवून अकोल्याच्या दवाखान्यात नर्सच्या पाळ्या करून राहिली, अन् मी इथं रोज गुडघे टेकून राहिले. पाय जशाचा तसा. मग मनात आलं, मागणं पुष्कळ झालं, आता आधीच आभार मानून टाकावे. चार लोकांसमोर मानले म्हणजे देवाले मागे फिरता येणार नाही. तर मी ऐतवारच्या उपासनेत उभी राहिले अन् बोलून बसले, की करुणाच्या पायासाठी शनिवारी माझ्या घरी उपकारस्तुती आहे, सर्वांनी यावं. तुले माहीत आहे, आपल्यात दुखणं बरं झाल्याशिवाय अशी सभा कोणी ठेवत नाही. बायांनी मले मिठ्या मारल्या. पोरगी चालते का म्हणून कोणी विचारलंच नाही, अन् मी सांगितलं नाही. मले खरंच वाटत होतं, शनिवारपर्यंत चालेल.

शनिवारी सकाळी मी तिले भिंतीले टेकवून उभी केली अन् हात सोडला. ती खाली बसली अन् हसली. तिले वाटलं, खेळ आहे.

आता तूच सांग, चालायले लागलेल्या लेकराले माणूस काय आणेल? गंगूबाईनं फुलांखालून लाल बक्कलाच्या चपला काढल्या, जवाहर गेटच्या बाजारातून घेतलेल्या. केशरबाईंनी अचलपूरच्या बहिणीकडून चामड्याचा जोड मागवला होता. पाळकीणबाईंनी लोकरीचे मोजे विणले होते. सतरंजीवर बसलेल्या पोरीसमोर सगळं मांडलं, अन् सगळे वाट पाहून राहिले, की आता उठते, मग उठते. करुणानं त्या लाल चपला हातांत घातल्या अन् बसल्या जागी सतरंजीवर टपटप चालवल्या. माझ्या हातातली परात मले जड झाली.

मग केशरबाई म्हणाल्या, "विश्वास कुठंतरी कमी पडला. पोरीची आई अकोल्याले देवळाची पायरी चढत नाही म्हणतात. तिथंच अडलं असेल." ललिता, मी लाडू वाढत होते. मी ऐकलं अन् गप्प राहिले. नुसती गप्प राहिले नाही, मले आतून हलकं वाटलं, की चला, दोष आपल्यावर नाही आला. हे लिहिताना माझे कान तापून राहिले आहेत.

बोलली ती गंगूबाई. "काहो बाई, तिची माय रातपाळी करून परक्याच्या लेकराईले पानी पाजते, अन् तुमचा देव तिच्यावरच रुसला काय? लय रागीट दिसते तुमचा देव!" पाळकसाहेब छताकडे पाहायले लागले. तेव्हा मी परात खाली ठेवली अन् सांगितलं, की पोरगी चालत नाही. देवानं काही कबूल केलं नव्हतं, मीच त्याच्या नावानं बोलून बसले. माझ्या ललिताचा विश्वास काढू नका. पोरीले 'तू चालशील' असं वचन देत जाऊ नको, हे तिनं मले कितीदा सांगितलं होतं. लाडू मात्र चांगले झाले आहेत, खाऊन जा.

केशरबाईंचं तोंड उतरलं. उठून जातात वाटलं, पण त्या करुणाजवळ सरकल्या अन् तिच्या पायांत मोजे घालायले लागल्या, दुबळ्या पायात आधी. पाळकसाहेबांनी छोटीशीच प्रार्थना केली. हिले बरं कर म्हणाले, अन् नाही केलं तरी आमच्यातून जाऊ नको म्हणाले. एवढंच मले इतके दिवस म्हणता येत नव्हतं. मग गाणं झालं. गंगूबाईची एक टाळी तालात पडेल तर शपथ! तोंड लपवायच्या दिवशी मी इतकी हसले, की पदरानं डोळे पुसावे लागले.

देव मी सोडला नाही, बाई. सकाळी गुडघे टेकतेच, फक्त त्याले वार सांगणं सोडलं. तू देवळात ये म्हणून हे लिहिलं नाही, तुले यायचं तेव्हा येशील. तुझ्या डॉक्टरांनी लोखंडी पट्ट्यांचा बूट सांगितला होता, अन् बूट घातला म्हणजे देवावर भरवसा नाही असं होईल म्हणून मी माप घेऊ दिलं नव्हतं. तू रडत गाडीत बसली होती. आज गंगूबाईनं करुणाले काखेत धरून कागदावर उभी केली अन् मी पेन्सिलीनं दोन्ही पाय काढले. कागद सोबत आहे. डावा लहान दिसेल, माझी चूक समजू नको, तो तसाच आहे. पत्र मिळताच डॉक्टरांले दे. बूट तयार झाला की पाळी बदलून तूच घेऊन ये. अन् नसला झाला तरी ये. केशरबाईंले तुझ्याशी बोलायचं आहे, काय ते मले सांगत नाहीत. सगळ्या जणी पुन्हा येतो म्हणून गेल्या आहेत, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी.

तुझीच, अजूनही शिकून राहिलेली,
आई