सोर्तावालाला जाण्यापूर्वी

योएन्सू, फिनलंड
१६ फेब्रुवारी १९९९

प्रिय आउने वन्सं,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. भावोजींचा गुडघा आता बरा असेल. मी ठीक आहे. इथे उणे चोवीस आहे, पण लाकूड भरपूर आहे. शुक्रवारी सकाळच्या बसने सीमेपलीकडे, रशियात सोर्तावालाला निघते.

रशियन कितपत आली, विचारलंत. वर्गात आम्ही सहा जण. पाच जण पलीकडून स्वस्त पेट्रोल आणण्यासाठी शिकतात, सहावी मी. नुसता नमस्कार म्हणायला जिभेची इतकी कसरत, की तोवर समोरचा माणूस घरी पोचेल. 'धन्यवाद', 'सावकाश बोला', 'हे माझे यजमान आहेत' एवढं येतं. शेवटचं मी मुद्दाम मागून घेतलं होतं.

तुम्ही दवाखान्यातला पलंग मिळवलात, खालची खोली रंगवून घेतलीत. आजारी भावाला आपल्या माणसांत आणावं, यात चूक काहीच नाही. गावातही सगळे तेच म्हणतात. तौनो तिकडच्या लाकडाच्या वखारीत कोसळला, अर्धं अंग गेलं, वाचा गेली; परकी बाई किती दिवस घरात ठेवणार?

ती परकी नाही, वन्सं. तौनो नऊ वर्षं ट्रक घेऊन तिकडे जात होता. दुसऱ्याच हिवाळ्यात त्याच्या राखाडी मोज्याची टाच तपकिरी लोकरीने रफू होऊन आली. माझ्या घरात तपकिरी लोकर नव्हती. मी मोजे धुतले, वाळवले, खणात ठेवले. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. तेव्हा फार दुखलं होतं. थंडीने बोटं बधिर झाली की दुखायची थांबतात, तसं पुढे थांबलं.

गेल्या मंगळवारी आमच्या शिक्षिका लारिसाबाईंनी तिला फोन लावून दिला. मधे दुभाषाही त्याच झाल्या. तिचं नाव झोया.

"न्यायला येणार, ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "कपडे धुऊन ठेवलेत. तेवढा त्यांचा खोकला थांबू द्या."

मी विचारलं, "माझं नाव घेतो का?"

"कुणाचंच घेता येत नाही त्यांना, बाई. खोटं कशाला सांगू? मी उठले की झग्याची कड धरून ठेवतात, एवढंच."

फोन ठेवून मी लारिसाबाईंना म्हटलं, "अजून एक वाक्य शिकवा. त्याला इथेच राहू द्या."

"अहो, महिनाभर 'हे माझे यजमान' घोकलंत, त्याचं काय?"

"ते खरंच आहे. राहू दे वहीत."

आठवडाभर बटाटे सोलताना, अंगणातला बर्फ लोटताना तेच म्हणतेय. रडू येत नाही, रागही येत नाही. तुम्हाला येईल. मी त्याला आणलं तर भरवीन, पुसीन, कुशीवर वळवीन, कशात कसूर करणार नाही. पण माझ्या हातात माया उरलेली नाही, आणि पडल्या पडल्या त्याला ते रोज कळेल. तिथे कुणीतरी उठलं की त्याला धरावंसं वाटतं.

पलंग परत पाठवा. शनिवारी संध्याकाळी मी एकटीच येईन. उतरवून घ्यायला कुणी येऊ नका.

यापुढेही भावजय म्हणणार असाल, तर तुमची,
केर्त्तू