सतीशच्या लग्नाचं शूटिंग अजून शेलूबाजारातच आहे

ती. शालिग्राम मामांना,

भागवतचा वाकून नमस्कार. तुमची शुगर ताब्यात असेल, मामींचा गुडघा वळत असेल आणि अकोल्याच्या स्टुडिओत एसी चालू असेल, असं धरून चालतो. इकडे शेलूबाजारच्या दुकानात मी सोडून सगळे बरे आहेत. (पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात पुन्हा उतरवून काढलंय. कारण शेवटी कळेल.)

सतीशच्या लग्नाचं शूटिंग एडिटिंगसाठी तुमच्याकडे पोचलेलं नाही, हे तुम्ही मला रोज सकाळी फोन करून सांगता. मामा, मला ते माहीत आहे. पूर्वी आपण हार्डडिस्क जीपने पाठवायचो. ती जीप एकदा यात्रेच्या गर्दीत पोहरादेवीला वळली, एका नवरीची हळद केळीच्या घडांखाली फिरून आली, आणि तुम्ही "आता जीपमध्ये डिस्क दिसली तं दुकानच बंद करतो" म्हणून दोन्ही दुकानांमध्ये व्हीपीएन टाकून घेतलं. म्हणजे इकडची फाइल आपल्या खाजगी वाटेने थेट तिकडे. फोटो जातात, बिलं जातात. शूटिंगची मोठी फाइल मात्र अजून आपल्या बसस्टँडच्या पुढेही गेली नसावी.

मी काय करायचं बाकी ठेवलं? राउटर बंद-चालू केला. केबल बदलली. इंजिनिअरने फोनवर सांगितलं म्हणून पॅकेटचा, म्हणजे फाइल ज्या तुकड्यांनी जाते त्यांचा, आकार लहान केला, तर फोटोही जायचे बंद झाले, म्हणून परत होता तसा केला. नेटचा वेग तपासला, तो उत्तम. (मग माझंच काहीतरी बिघडलं असेल, असं हल्ली वाटतं.) पडद्यावर सकाळीही 'अकरा तास शिल्लक' आणि संध्याकाळीही तेच. सतीश रविवारी फौजेत परत चाललाय. त्याची आई मनकर्णाबाई रोज येऊन माझ्यासमोर बसतात. "भाऊ, पोरगं आपलं लगन पाहून गेलं असतं तं बरं झालं असतं," एवढंच म्हणतात. चहासुद्धा घेत नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मामा, मला खरंच रडू येतं.

तुमचा,
भागवत

ता. क. – आज राउटरमध्ये कोण किती नेट वापरतं ते उघडून पाहिलं. आपल्या वाटेवरून रात्रंदिवस दुकानातले चार कॅमेरे जातात, तेही सगळ्यात भारी क्वालिटीत, तुमच्या टेबलावरच्या टीव्हीवर. (भाचा खुर्चीवर बसलाय की नाही, हे बघायला.) ते एक दिवस बंद ठेवू का? मी उठणार नाही. विश्वास नसेल तर समोरच्या दुकानातल्या मदनसिंगला विचारत जा.

ता. क. २ – न विचारताच बंद करून पाहिले. फाइल पळायला लागली! मनकर्णाबाई उठून उभ्या राहिल्या. तेवढ्यात तुमचा फोन. "अबे भागवत, कॅमेरे काहून बंद केले बे? कुठी फिरून राह्यला? पयले चालू कर!" माझं एक अक्षर न ऐकता ठेवला. चालू केले. पुन्हा अकरा तास.

ता. क. ३ – या दुकानातून तुमच्यापर्यंत झटक्यात पोचणारी गोष्ट एकच आहे. म्हणून हे पत्र काउंटरवरच्या कॅमेऱ्यासमोर धरून उभा आहे. दुसरी बाजू मनकर्णाबाईंनी धरलीय. त्यांचा हात भरून यायच्या आत वाचा.